वळणावरचा ढीग

गाइडला ‘माहीत नाही’ म्हणता येत नाही. हे मला कोणी शिकवलं नाही, पर्यटकांनीच शिकवलं. नागपूरहून दोन तास गाडी हाकत आलेला माणूस आंबागडच्या पायथ्याशी उतरतो, बूट झटकतो, बाटली तोंडाला लावतो आणि जे पहिल्यांदा दिसेल त्याच्याकडे बोट करून विचारतो, हे काय आहे? झाड असो, खड्डा असो, माकडाची लेंडी असो, त्याला उत्तर पाहिजे. उत्तर मिळालं नाही की तो मोबाइल काढतो आणि त्यात शोधतो. मग मी कशाला चालतोय त्याच्यापुढे?

किल्ल्याचा खरा इतिहास पाच मिनिटांत संपतो. गोंड राजाच्या काळात बांधला, पुढे भोसल्यांकडे आला, त्यांनी इथे कैदी ठेवले, शेवटी इंग्रजांनी घेतला. चढायला मात्र तास लागतो. उरलेली पंचावन्न मिनिटं मलाच भरून काढावी लागतात. त्यातली बरीचशी मी झाडांवर काढतो. हा धावडा, हा तेंदू, हा बेहडा, आणि या मोहाच्या खोडावर बघा, अस्वलानं नखं मारलीत. खरं सांगायचं तर त्यातली अर्धी नखं कुऱ्हाडीची असतात.

आणि अर्ध्या वाटेवर, पायवाट डावीकडे वळते तिथे, तो ढीग आहे.

दगडांचा ढीग, बाकी काही नाही. लहानपणी मी आईबरोबर मोह वेचायला याच वाटेनं जायचो. वळण आलं की आईचं बोलणं थांबायचं. ती वाकून एक गोटा उचलायची, ढिगावर नीट ठेवायची, एक माझ्या हातात द्यायची. ठेव आणि चाल, एवढी खूण. मागं पाहायचं नाही, बोलायचं नाही, नाव घ्यायचं नाही. कोणाचं नाव, हे विचारायची सोय नव्हती. तिथे विचारलं तर पाठीत धपाटा बसायचा आणि घरी विचारलं तर ‘तिथचं घरी आणू नये’ असं उत्तर मिळायचं. जंगलात जनावरानं मारलेल्या माणसाच्या जागी आमच्याकडे गोटा ठेवतात, एवढं मोठेपणी कळलं. कोणता माणूस, कोणतं जनावर, किती वर्षं झाली, हे कोणी सांगितलं नाही. नाव घेतलं तर तो वाटेच्या माणसामागे लागतो म्हणतात.

माझा आजा गोमाजी तेवढा वेगळा. तो गोटा ठेवत नसे. ढिगाजवळ आला की बाजूला थुंकायचा आणि पुढे व्हायचा. त्याच्या तोंडात कायम तंबाखू असायचा, म्हणून मला त्यात विशेष काही वाटलं नाही.

दोन वर्षांपूर्वी एका पाहुण्यानं त्या ढिगाकडे बोट केलं, हे काय आहे? मी तोंड उघडलं आणि उत्तर बाहेर पडलं. गद्दाराचा ढीग. किल्ल्यावरच्या एका शिपायानं शत्रूला चोरदरवाजा उघडून दिला, राजानं त्याला इथे आणून दगडांनी ठेचला, आणि तेव्हापासून येणारा-जाणारा त्याला एक दगड मारतो आणि थू म्हणतो. कुठून सुचलं कोण जाणे. थुंकायचं मात्र आज्यावरून सुचलं, हे मला आठवतं.

पाहुणे खूश. दगड काय मारले, थू काय म्हणाले, पोटं धरून हसले. त्यांनी त्याचा व्हिडिओ केला आणि तो असा फिरला की लोक मला फोन करून विचारू लागले, तो गद्दारवाला किल्ला तुमचाच ना भाऊ? दर रविवारी पहिला दगड मी मारायचो. नेम चांगला आहे माझा. दोन हिवाळ्यांत ढीग माझ्या डोक्याच्या वर गेला. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू? खोटं बोलून झालंच होतं तोपर्यंत.

आजचाच रविवार, जानेवारीतला. नागपूरचा मनिष सोळा जणांची टोळी घेऊन आला होता. मनिष दर हिवाळ्यात येतो, तो व्हिडिओ त्यानंच फिरवला होता, चांगला पोरगा आहे, फक्त डोंगर दिसला की हात पसरून उभा राहतो आणि सगळ्यांना श्वास घ्यायला लावतो. पायथ्याशी पोहे-तर्री झाली. धानाच्या शेतांत लाखोळीचं पीक निळं फुललं होतं, त्याचे फोटो झाले. निघणार तेवढ्यात तुमसरकडून एक ऑटो आला आणि त्यातून दोन बाया उतरल्या. एक पन्नाशी उलटलेली, सुती पातळ, पायात साधी चप्पल, खांद्याला जड झोळी. दुसरी तिची मुलगी, जीन्स, कुर्ता, डोळ्यांना चष्मा.

"तुमीच नेता काय वर?" मोठ्या बाईनं विचारलं.

"मीच, मावशी. प्रविण माझं नाव."

"मले वळणावरी जाचं हाये. किल्ला नाही पाह्यला तरी चालते."

मी ओळखलं, याही व्हिडिओ बघूनच आल्या. बाईचं नाव रुखमिणी, मुलीचं रीना. मुलगी पवनीच्या शाळेत शिकवते आणि दोघी तिकडे कोंढ्याला राहतात, एवढं चालता चालता कळलं. आपलं नाव पवनी तालुक्यापर्यंत गेलं, म्हणून मी मनातल्या मनात कॉलर ताठ केली.

रुखमिणीबाई चालायला सगळ्यांच्या वरचढ निघाली. नागपूरवाले दोन्ही हातांत काठ्या घेऊन धापा टाकत होते आणि ही झोळी सावरत, जणू वावरातून घरी चालल्यासारखी. एका जागी ती थांबली.

"इथं बेहड्याचं झाड होतं ना?"

होतं. आठ वर्षांपूर्वी वादळात पडलं. मी चकित झालो. "मावशी, तुम्ही इकडच्या काय?"

"नाही बाबू. कोंढ्याची."

मुलगी दुसरीकडे पाहू लागली. पुढे कोरडा नाला लागला. तिथे रुखमिणीबाई खाली बसली, चपला काढल्या आणि म्हणाली, "तुमी व्हा समोर. आमी येतो दमानं." बाई थकली असेल असं मला वाटलं. वळण तिथून फार लांब नव्हतं. मी टोळी घेऊन पुढे गेलो.

वळणावर माझा खेळ नेहमीसारखा रंगला. आज तर आवाजही चांगला लागला होता. चोरदरवाजा उघडला, राजा संतापला, गद्दाराच्या मुसक्या बांधल्या. मी पहिला दगड मारला. मग सोळा जणांनी मारले. कोणी दोनदा मारले, कारण पहिल्यांदा व्हिडिओ नीट आला नव्हता. एक दगड उडून परत मनिषच्याच पायाशी आला, त्यावरून हशा झाला. मग मी त्यांना म्हटलं, वाट सरळ आहे, तुम्ही किल्ला बघून घ्या, मी मागच्या दोघींना घेऊन येतो. ते गेले. मी उकिडवा बसून खडे उडवत राहिलो.

थोड्या वेळानं त्या आल्या. रुखमिणीबाई अनवाणी होती, चपला मुलीच्या हातात. मी उठलो, नवीन गिऱ्हाइकासाठी घसा साफ केला, "तर मावशी, ही जी जागा आहे ना..."

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तोंडावर बोट ठेवलं, तेही माझ्याकडे न बघता. झोळीतून एक गोटा काढला. आमच्या डोंगराचे दगड काळे, धारेचे, हातात टोचणारे. हा करडा, गुळगुळीत, नदीत घासून गोल झालेला, वाटीएवढा. तिनं तो ढिगाच्या खालच्या अंगाला ठेवला, दाबला, हलतो का पाहिलं, जरा फिरवून बसवला. हात जोडले. मग मागे न पाहता वळण ओलांडून वीस पावलं पुढे गेली आणि एका खडकावर बसली. मुलीनंही तसंच केलं.

मी तिथेच उभा. ही रीत बाहेरच्या माणसाला माहीत असायचं काही कारण नव्हतं. व्हिडिओत तर ती नव्हतीच.

मी त्यांच्यामागे गेलो. रुखमिणीबाई आता बोलायला मोकळी झाली होती.

"केवढा मोठा झाला, बाबू. मी गेली तवा घुडघ्याएवढा होता."

"कुठे गेल्या तेव्हा?"

"मायेरी. कोंढ्याले. त्याच्या आंधी मी आंबागडलेच नांदत होती. अठ्ठावीस वर्सं झाले आता." तिनं मान न वळवता हातानं मागे दाखवलं. "रीनाच्या बापाची जागा हाये ते."

मला ऐकू आलं, पण शिरलं नाही. मी मूर्खासारखं विचारलं, "कोणती जागा?"

"तेच. श्रावण नाव होतं. वनमजूर होता. मोहाच्या दिवसात सकाळी मी फुलं वेचून राहिली होती अन् तो समोर उभा होता. अस्वलीन निंगाली झुडपातून, पिल्लं होते संगं. तो मंधात आला. हे तीन मयन्याची होती तवा, घरी पाळण्यात."

रीना चष्मा पुसत होती. मी उभा होतो तिथून हललो नाही. मला माझा हात दिसत होता, उजवा, थोड्या वेळापूर्वी ज्यानं दगड मारला तो, आणि त्याच्यावर अजून माती होती. दोन वर्षं. दर रविवारी. या बाईच्या नवऱ्याला मी दोन वर्षं दर रविवारी दगड मारत होतो आणि लोकांना थुंकायला लावत होतो. मी पॅन्टला हात पुसला, तरी माती गेली नाही.

"कोन कोन ठेवते रे, बाबू?" तिनं विचारलं.

"काय?"

"गोटे. एवढा ढीग झाला, कोन कोन ठेवते?"

"सगळेच," मी म्हणालो.

"तू बी?"

"मी पण ठेवतो."

"बरं," ती म्हणाली आणि खालच्या तलावाकडे पाहत राहिली.

एवढं निर्लज्ज वाक्य मी आयुष्यात बोललो नव्हतो, आणि मी बोलण्यावरच पोट भरणारा माणूस आहे. रीना उठली. "प्रविणभाऊ, पाणी कुठी मिळंन?" म्हणाली. तिच्या हातात भरलेली बाटली होती. मी तिच्यामागे दहा-पंधरा पावलं गेलो.

"मी तुमचा व्हिडिओ पाह्यला," ती हळू आवाजात म्हणाली. "शाळेतल्या बाईनं पाठवला. आंबागड नाव वाचून मी लावला. वळण, ढीग, सगळं आईनं मले लहानपणापासून सांगितलं होतं, मी लगेच वळखलं. मंग तुमचा आवाज आला."

मी हातावरची माती पुन्हा पुसली.

"तेवढ्यात आई आली. कोणतं गाव हाये म्हणे. मी आवाज बंद केला अन् फोन तिच्या हातात देल्ला. तिनं नुसते लोक पाह्यले. एवढे लोक गोटे टाकून राहिले, शहराचे लोक, पोरंसोरं. चार वेळा पाह्यला. मंग म्हणे, मले ने तिथं. अठ्ठावीस वर्सात कधी म्हणाली नव्हती." ती थांबली. "त्याले गाव बरं म्हणत नव्हतं शेवटी शेवटी. तिले वाटते, आता म्हणू लागलं."

"मला माहीत नव्हतं, ताई. खरंच कोणी सांगितलं नाही."

"ते तुमचे लोक आता खाली येतीन. इथं आले का तोंड उघडतीन. मी घरी आवाज बंद केला होता. इथं तुमी करा."

"कसा करू?"

"ते मले काहून इचारता? बोलता तं तुमी."

मी पळालो. किल्ल्याची चढण मी लहानपणापासून पळत आलो आहे, पण आज दोनदा पडलो, गुडघा फुटला. वर पहिल्या दरवाजाशीच टोळी भेटली, उतरायला निघालेली. मनिष पुढे. "अरे प्रविणभाऊ, काय झालं, अस्वल दिसलं का?" सगळे हसले.

मला खोटं बोलता आलं असतं. वळणावर मधमाश्या उठल्यात, गपचूप चला, असं सांगितलं असतं तर सोळाच्या सोळा जण श्वाससुद्धा न घेता गेले असते. ते ओठांवर आलंही होतं. मग मला त्या बाईचं ‘बरं’ आठवलं.

"तो गद्दार नाही," मी म्हणालो. "मी खोटं सांगितलं. राजा नाही, चोरदरवाजा नाही, काही नाही. श्रावण नावाचा आमच्या गावचा माणूस होता. बायकोला वाचवताना अस्वलानं मारला. तिथे गोटा ठेवतात. मारत नाहीत."

कोणी हसलं नाही. मनिष म्हणाला, "मग आम्ही... भाऊ, मी तर तो व्हिडिओ तीस हजार लोकांना दाखवलाय."

"त्याची बायको खाली बसली आहे."

एक बाई, जिनं दोनदा दगड मारला होता, ती खाली बसली आणि तिनं तोंड ओंजळीत धरलं. मनिष माझ्याकडे असा पाहत होता की त्यानं मला एक ठेवून दिली असती तर बरं झालं असतं. त्यानं दिली नाही. फोन काढून बंद केला आणि खिशात घातला. बाकीच्यांनीही केले.

उतरताना बुटांचे आवाज तेवढे येत होते. वळणाच्या अलीकडे प्रत्येकानं वाकून एकेक गोटा उचलला. एकेक करून ढिगाजवळ गेले, ठेवला, पुढे झाले. कसा ठेवायचा ते त्यांना कळत नव्हतं. कोणाचा घसरून खाली आला तर त्यानं तो उचलून पुन्हा बसवला. मी सगळ्यांत शेवटी ठेवला. लहानपणी आईनं दिला होता, त्यानंतर पहिल्यांदाच.

टोळी नाल्याकडे उतरून गेली. मी रुखमिणीबाईसमोर जाऊन उभा राहिलो. वाटलं, निभावलं. तिला काही कळलं नाही, तिचा ढीग तिच्या मनात होता तसाच राहिला.

"सांगून आला वाटते त्यायले," ती म्हणाली.

मी रीनाकडे पाहिलं. रीना आईकडे पाहत होती.

"वरतं पळत गेला तवाच समजलं मले. आवाज नव्हता रे त्या फोनात, पन हात तं दिसत होते." तिनं आपला हात वर नेऊन झटक्यानं खाली आणला, मग तोच हात हळूच पुढे करून उपडा केला. "हे फेकनं. अन् हे ठेवनं. कोनी बी वळखते. अन् ढीग पाह्यला नाही काय तू? कमरेपावतर गोटे एकात एक बसले हायेत, बोट घालाले जागा नाही. ते बायायनं ठेवले. त्याच्या वरचे सारे सैल हायेत, कोठीबी पडले. ते तुह्ये."

"आई, मंग तू आली कायले?" रीनानं विचारलं.

"पाहाले. कमरेपावतर तरी कोनी ठेवले, ते पाहाले."

मी तिच्या पायाशी बसलो. म्हणालो, "मावशी, ती गोष्ट मी मनानं बनवली होती. तुमच्या मालकाबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. गद्दार हा शब्द असाच सुचला."

"असाच सुचत नाही कोनाले," ती म्हणाली. तिला राग आला होता असंही नाही. शाळेतल्या पोराला शिकवावं तसं सांगत होती. "त्या साली चार घरच्यायनं साग तोडला होता चोरून. फॉरेस्टवाल्यायनं पकडले. गाडी-बैल जप्त झाले. हा वनमजूर, तं यानंच खबर देल्ली म्हने. मी सांगतो तुले, त्या दिवशी तो तापानं फणफणून पडला होता, उठून मोरीपावतर जाता येत नव्हतं. पन कोन ऐकते? दोन मयन्यानं अस्वलीनं मारला. सारं गाव जमा झालं इथं. पयला गोटा मी ठेवला. अन् मांगून एक मानूस थुंकला अन् म्हने, गद्दाराले देवानं देखलं. त्याच्यानंतर या जागी कोनी बोललं नाही. रीतच हाये ना बोलाची नाही. तं तोच बोल शेवटचा राह्यला."

मला आता विचारायचं नव्हतं, पण विचारल्याशिवाय राहवलंही नाही. "कोण थुंकला?"

"ज्याची गाडी जप्त झाली तो. गोमाजी. हाये काय जिता?"

रीनाला काही माहीत नव्हतं. रुखमिणीबाईलाही नव्हतं. मी कोणाचा कोण, हे मी पायथ्याशी सांगितलं नव्हतं, फक्त नाव सांगितलं होतं. आज्याचं ते थुंकणं म्हणजे तंबाखूची पिंक, असं मी लहानपणापासून समजत आलो होतो. आणि ती पिंक मी उचलून शेकडो लोकांच्या तोंडात दिली होती.

"आहे," मी म्हणालो. "माझा आजा."

तिनं माझ्या चेहऱ्यात काहीतरी शोधलं. मग झोळीत हात घातला आणि आणखी एक गोटा काढला, पहिल्यासारखाच, करडा, गोल.

"वैनगंगेचे आनले होते दोन. दुसरा त्याच्यासाठीच होता. गावात जाऊन देनार होती, पन आता तूच दे." तिनं तो माझ्या ओंजळीत ठेवला. "म्हनावं, रुखमिनीनं देल्ला. म्हनावं, ठेव. फेकू नोको."

मी त्यांना घरी जेवायला चला म्हणालो नाही. कोणत्या तोंडानं म्हणणार? पायथ्याशी ऑटो उभा होता, त्यात त्या बसल्या. रीना जाताना फक्त म्हणाली, "व्हिडिओ काढून टाका." तो माझ्या हातात राहिला नव्हता, हे मी तिला सांगितलं नाही. तिला ते माहीत असणारच.

घरी आलो तेव्हा आजा अंगणात उन्हात बाजेवर पडला होता. ऐंशीच्या वर वय, दोन वर्षांपासून चालणं बंद, पण कान आणि डोकं शाबूत. मी काही न बोलता गोटा त्याच्या हातात दिला. त्यानं अंगठा फिरवला.

"नदीचा हाये. कोनं आनला?"

"रुखमिणीबाईनं. श्रावणच्या. ठेव म्हणाली, फेकू नको म्हणाली."

त्याचा अंगठा थांबला. कोंबड्या बाजेखाली फिरत होत्या, त्यांना तो नेहमी हाकलतो, आज हाकललं नाही. मग मीच विचारलं, "आबा, श्रावणनं खबर दिली होती का?"

"नाही," तो म्हणाला.

इतक्या लवकर उत्तर येईल असं मला वाटलं नव्हतं.

"फॉरेस्टवाले माह्याच गाडीच्या चाकोरीनं आले होते. अवकाळी पान्यानं माती ओली होती अन् सागाचं वजन. चाकं रुतत गेले थेट जंगलापासून आपल्या दारावरी. आंधळा बी आला असता."

"तुला केव्हा समजलं?"

"तो मेल्यावर. मयनाभरानं. गार्डानंच सांगितलं, हासून हासून."

"महिन्याभरानं?" माझा आवाज चढला. "आबा, मी लहान होतो तेव्हा तू तिथे थुंकत होतास. मी पाहिलंय. दहा वर्षांनंतरही थुंकत होतास."

त्यानं डोळे मिटले. मला वाटलं, झोपेचं सोंग घेतो. पण तो बोलला, आणि इतकं हळू की मला वाकावं लागलं.

"थुंकनं सुरू केलं तं बंद कसं करू, बापू? लोक पाहत होते. बंद केलं असतं तं इचारलं असतं, काहून बंद केलं. मंग सांगा लागलं असतं."

"मग सांगायचं होतं ना."

"कोठी सांगू? तिथं बोलत नाहीत." आणि डोळे न उघडता, गोटा पोटावर दोन्ही हातांनी धरून तो म्हणाला, "मले ने तिथं."

उद्या सोमवार आहे, वर कोणी नसेल. मी त्याला पाठीवर घेऊन चढणार आहे. आता त्याचं वजन फार राहिलेलं नाही. वाटेत दोनदा थांबावं लागेल, एकदा बेहडा होता तिथे आणि एकदा नाल्याशी. वळण आलं की मी त्याला खाली उतरवीन आणि गोटा ठेवायला धरून उभा राहीन. मी तिथे काही बोलणार नाही. पण आजा बोलल्याशिवाय त्याला पुन्हा पाठीवर घेणार नाही.